ढग, झुडूप आणि एका गुणाचा प्रश्न

'सुपर मारियो ब्रदर्स' या जपानी व्हिडिओ गेममधले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे हे मुळात एकच चित्र आहे. पांढरे रंगवले की ढग, हिरवे रंगवले की झुडूप. 'तुम्हाला हे ठाऊक आहे काय?' छापाच्या याद्यांमध्ये ही माहिती हमखास आढळते. या याद्यांविषयी आमची तक्रार आहे. त्यांना पोरखेळ म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंविषयी तर अधिकच आहे. एकजण तपशील चघळत बसतो, दुसरा तो ऐकूनही घेत नाही. मात्र 'हे असे का?' हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

तो विचारून पाहू. १९८५ साली आलेला हा संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाईटमध्ये बसवलेला होता. आज मोबाइलवर काढलेल्या साध्या छायाचित्रालाही याच्या अनेक पट जागा लागते. तेवढ्यात ३२ टप्पे, शत्रू, संगीत, सारे काही मावायचे होते. तेव्हा एका चित्राकडून दोन कामे करून घेणे भागच होते. मारियोच्या मिशीची कथाही तीच. १९८१च्या 'डाँकी काँग'मध्ये ही व्यक्तिरेखा प्रथम आली, तेव्हा मोजक्या चित्रबिंदूंमध्ये तोंड नीट काढता येईना. म्हणून शिगेरू मियामोतो यांनी मोठे नाक आणि मिशी दिली. केस रेखाटणे टाळायचे म्हणून टोपी दिली. पुढे तीच टोपी आणि तीच मिशी जगभर त्याची ओळख ठरली. अक्षरगणवृत्तात लघुगुरूच्या अडचणीपायी कवीला निराळा शब्द योजावा लागतो आणि त्या शब्दाने कवितेचा अर्थच पालटतो, हे आपण वर्गात मोठ्या उत्साहाने शिकवतो. मग मिशीपाशी आलो की आपली रसिकता का आटते?

दुसरे उदाहरण घ्या. या खेळासोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत म्हटले आहे की, खलनायकाने मंत्रविद्येच्या जोरावर त्या राज्यातल्या शांतताप्रिय प्रजेचे दगड, विटा आणि झाडेझुडपे करून टाकली. यादीकार यातून एवढेच काढतात की, विटा फोडत धावणारा मारियो प्रजेचीच हत्या करतो! लोक हसतात आणि विषय संपतो. वास्तविक खरा प्रश्न इथेच सुरू होतो. पडद्यावर या शापाचा एक शब्दही नाही. मग संहिता कोणती मानायची? पडद्यावरची, की पुस्तिकेसह असलेली? आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांवर, पुस्तिकेविना हातात पडलेल्या 'कॅसेट'वर ज्या मुलांनी हा खेळ खेळला, त्यांच्यासाठी वीट ही केवळ वीटच होती. त्यांनी खेळलेला खेळ तोच होता की निराळा? पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल, तर त्याने पाठचिकित्सा केवळ पाठ केली आहे, असे आम्ही म्हणू.

तिसरे उदाहरण नावांचे. 'सुपर मारियो ब्रदर्स' पूर्ण खेळून संपवला तरी तो घडवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव दिसत नाही. याच कंपनीच्या १९८६च्या 'द लेजेंड ऑफ झेल्डा'च्या अखेरीस नावे येतात, पण मियामोतो तिथे 'मियाहोन' होतात आणि संगीतकार कोजी कोंदो 'कोनचान'. यादीकार टोपणनावांच्या जोड्या लावून मोकळे होतात. निर्मात्याने खऱ्या नावाने का वावरू नये, कलाकृतीवर हक्क कोणाचा, आपल्या अभंगकारांची नाममुद्रा अखेरच्या चरणात उजळ माथ्याने येते आणि इथे टोपणनावाचा आडोसा का घ्यावा लागतो, यांपैकी एकही प्रश्न यादीत नसतो.

टोपणनावांच्या जोड्या लावणे हे वाक्य लिहिताना आम्ही थबकलो, कारण हा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. कवी आणि टोपणनाव, ग्रंथ आणि वर्ष, पात्र आणि कादंबरी, योग्य जोड्या लावा. २०१२ पासून नेटचे सर्वच पेपर वस्तुनिष्ठ झाले आणि एम.ए.चा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून साहित्याची यादीच पाठ करू लागला. असे प्रश्न आम्हीही काढले आहेत, कारण ते तपासायला सोपे असतात. तेव्हा खेळांच्या चाहत्यांना उथळ म्हणण्याचा अधिकार आम्हाला उरत नाही. ते निदान आवडीने याद्या करतात. आम्ही गुणांसाठी करवून घेतो.

आमची मागणी साधी आहे. एका गुणाच्या प्रत्येक प्रश्नापुढे आणखी चार गुणांचा 'का?' असावा. ज्या विद्यार्थ्याला ढग आणि झुडूप यांतले साम्य दिसले, त्याच्यापाशी वाचनाची पहिली पायरी आहेच. दुसरी पायरी दाखवणे हे आमचे काम होते आणि ते आम्ही केलेले नाही.