तुमचा मोदक, आमची सुकडी

परवा मोदक खाल्ला. उकडीचा. वयाची साठी ओलांडल्यावर.

हसू नका. तुम्ही पोरं शहरात वाढलात. तुमच्या लेखी मोदक म्हणजे मिठाईच्या दुकानात काचेआड ठेवलेली एक वस्तू. मला तो आठव्या वर्षापासून छळत होता. एखादा पदार्थ पन्नास वर्षं माणसाच्या डोक्यात बसून राहतो आणि तोंडात काही येत नाही, ह्याला गंमत म्हणत नाहीत. ह्याच्यामागं राजकारण असतं. तेच आज मांडणार आहे. ज्यांना गोड-गोड वाचायचंय त्यांनी खुशाल दुसरा अंक उघडावा.

मी केमचा. तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. मुंबईहून मद्रासकडं जाणाऱ्या रेल्वेवर कुर्डुवाडीच्या अलीकडं हे ठेसन लागतं. गाव कुंकवाचं. देवळांपुढं, जत्रांत जे कुंकू विकलं जातं त्यातलं कितीतरी केमचं. हळदीपासून कुंकू करायचं, चाळायचं, पुड्या भरायच्या. आई असल्याच एका ठिकाणी मजुरीला जायची. तिचे हात कोपरापर्यंत लाल. नखं लाल. भाकरी थापली की भाकरीच्या कडेला लाल बोट उठायचं. आणि ह्या बाईला गावातल्या एकाही हळदीकुंकवाला कधी बोलावणं आलं नाही. तिच्या हातचं कुंकू चालायचं, तिचा हात चालायचा नाही. एवढं ध्यानात ठेवा. पुढं कामाला येईल.

मोदक मला भेटला शाळेत, गोष्टीतून. गणपतीनं पोट फुटेस्तोवर मोदक खाल्ले, उंदरावर बसून निघाला, वाटेत पडला आणि चंद्र हसला. गुरुजी रंगवून सांगायचे. सगळा वर्ग चंद्रावर चिडायचा. माझं चंद्राकडं लक्षच नसायचं. पोट फुटेस्तोवर खावं असं त्यात असतंय तरी काय? गुरुजी सांगायचे, वरून तांदळाची पांढरी पारी, आत ओलं खोबरं न् गूळ, त्यावर तुपाची धार. आमच्या घरात ज्वारी. तांदूळ शिजायचा तो आजारी माणसाला. नारळाचं झाड केमच्या माळावर कुठलं असणार? ओलं खोबरं म्हंजे काय तेच कळायचं नाही. मला वाटायचं, पावसात भिजलेलं असेल.

गावात गणपती बसायचा. मांडवात प्रसाद वाटायचे. बाकीच्या पोरांच्या हातावर ठेवायचे, आमच्या ओंजळीत वरून टाकायचे. आणि प्रसाद तरी काय? चुरमुरे, फुटाणे, वाळल्या खोबऱ्याचा एखादा तुकडा. देवाच्या हातात मातीचा मोदक. तो तेवढा बघून घ्यायचा.

बाप धम्म घेतलेला माणूस. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली तिसरी गौरी-गणपतीला देव मानणार नाही, पूजणार नाही ही. बापानं घरचे देव कधीच विहिरीत सोडलेले. मांडवातनं परत आलो तेव्हा त्यानं मला मारलं नाही. एवढंच म्हणाला, "लेका, वंजळ कुणाम्होरं करतुयास ते बघत जा."

मग आलं १९७२. मुंबईत दलित पँथर उभी राहत होती आणि आमच्याकडं रानात कुसळ उगवत नव्हतं. माणसं दुष्काळी कामावर. आई खडी फोडायला. रेशनला अमेरिकेचा लाल मिलो. त्याची भाकरी थापताना मोडायची आणि खाताना घशात अडकायची. आणि कामावर मिळायची सुकडी. भाजक्या पिठाची, गुळमट, भुगाभुगा. आई स्वतःची अर्धी खाऊन अर्धी पदराला बांधून आणायची.

एका संध्याकाळी मी रडत बसलो. मोदक पाहिजे. त्या सालात! आईनं मला बडवायला पाहिजे होतं. तिनं इचारलं, "कसा आसतुय रं त्यो?" तिनंही बघितला नव्हता. मी काडीनं भुईवर चित्र काढलं. ती बघत बसली. म्हणाली, "आसा व्हय? लसणाच्या गड्डीवानी?" मग पदराची गाठ सोडली, सुकडीवर पाण्याचा हबका मारला, मुठीत गोळा दाबला आणि चिमटीनं त्याला कळ्या पाडल्या. वर टोक काढलं. नखातलं लाल अजून गेलं नव्हतं, ते टोकाला लागलं. "घे. खा तुजा मोदक."

मी खाल्ला. आणि म्हणालो, "ह्यो खरा न्हाई."

मित्रांनो, हे वाक्य मला आजही झोपेतनं उठवतं. आठ वर्षांचं पोर. दिवसभर खडी फोडून आलेली आई. आणि पोर तिच्या तोंडावर सांगतंय, तुझं खोटं, त्यांचं खरं. हे त्या पोराला कुणी शिकवलं? मांडवात वरून प्रसाद टाकणाऱ्या हातानं नाही शिकवलं. त्या हाताचा राग तरी येत होता. शिकवलं गोष्टीनं. हातात काठी नसलेल्या, गोड आवाजात सांगितलेल्या गोष्टीनं. आपल्या तोंडाला पाणी कशानं सुटावं हे दुसऱ्यानं ठरवलं, तिथं गुलामी पुरी झाली. मग पहारेकरी लागत नाही.

आता शहाणे लोक म्हणतील, अहो, खाण्यात कसली आलीय जात? त्यांना दोन हकीकती सांगतो.

पहिली. जयपूर संस्थानातलं चकवारा गाव, एप्रिल १९३६. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्य माणसानं जातभाईंना जेवण घातलं. पंगतीत तूप वाढलं. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले. अन्न नासवलं, जेवणारांना बडवून काढलं. गुन्हा काय? तूप. ते कुणाचं चोरलेलं नव्हतं, घामाच्या पैशाचं होतं. पण अस्पृश्यानं तूप वाढणं आणि खाणं म्हणजे पायरी सोडणं. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये हे नोंदवून ठेवलंय. जाऊन वाचा.

दुसरी. म्हणाल ते जुनं झालं, तर हे घ्या. पुणे, सप्टेंबर २०१७. एका उच्चशिक्षित शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसात तक्रार दिली. काय चोरीला गेलं होतं? सोवळं! स्वयंपाकाच्या बाईनं आपण ब्राह्मण, सवाष्ण आहोत असं खोटं सांगून गौरी-गणपतीचा आणि श्राद्धाचा स्वयंपाक केला, म्हणून फसवणूक झाली, अशी तक्रार. पोलिसांनी गुन्हा नोंदवूनही घेतला. बोंबाबोंब झाल्यावर तक्रार मागं घेतली गेली. आणि ती स्वयंपाकवाली बाई दलितसुद्धा नव्हती. मराठा होती. मराठा बाईच्या हातानं ह्यांचा नैवेद्य बाटतो, तर माझ्या आईच्या लाल हातानं काय झालं असतं?

आमच्याकडं गोड कधी आलंच नाही असं नाही. आलं, पण उष्टं होऊन आलं. आजा येसकरपाळीला जायचा. सणाच्या दिवशी टोपल्यात शिळ्या भाकरीवर पोळीचा एखादा तुकडा पडायचा, त्यावर आमटी सांडलेली. गोड-तिखट सगळं एकात. १९५८ च्या कायद्यानं महारकीची वतनं गेली. टोपलं गेलं. डोक्यातली चव मात्र राहिली. सण म्हटला की तीच पोळी, तोच मोदक, तेच तूप.

आणि हे गोड पिकतं कुणाच्या जिवावर? १९८० ला उजनीचं धरण पुरं झालं. करमाळ्याची भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. पाण्याच्या कडेनं ऊस उभा राहिला. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून मिरवतो. तो ऊस तोडतो कोण? दुष्काळी मुलखातनं आलेली दलित, भटकी, वंजारी माणसं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणूस म्हणून मोजणीच नाही, हत्यार म्हणून मोजणी. बाईनं एक दिवस दुखण्यानं काढला की खाडा, खाड्याचा दंड. २०१९ ला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयं काढल्याचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा सरकारला समिती नेमावी लागली. तुमच्या बासुंदीतली साखर ह्या वाटेनं येते. कुंकवाचं तेच, साखरेचं तेच. करणारे हात आमचे, शकुन तुमचा. आणि वर संक्रांतीला सांगायला मोकळे, गोड बोला! आमची भाषा कडू आहे म्हणून नाकं मुरडता. जिभेवर जे ठेवलंत तेच बाहेर येणार.

आता परवाची गोष्ट.

मुंबईत आल्यावर दर गणपतीला हापिसात कुणीतरी डबा पुढं करायचं. मी हात मागं घ्यायचो. "आम्ही खात नाही." छाती फुगवून सांगायचो. सगळे म्हणायचे, माणूस तत्त्वाचा आहे. चाळीस वर्षं तत्त्व सांभाळलं. परवा माझी नात, पाचवीतली, रविवारी विहारात जाते, बावीसच्या बावीस प्रतिज्ञा तिला पाठ, तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही मोदक खाल्लाय?"

"नाही."

"का?"

"प्रतिज्ञा घेतलीय, बाळा."

ती मनातल्या मनात मोजत राहिली. मग म्हणाली, "पण तिसरीत पूजा करणार नाही असं आहे. खाणार नाही असं कुठंय?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हंजे होतं, पण ते बाबासाहेबांचं नव्हतं. खरं उत्तर असं की मला मोदक नको नव्हता. मला तो वरून टाकलेला नको होता. आठव्या वर्षीची हाव मी प्रतिज्ञेखाली झाकून ठेवली आणि तिला तत्त्व म्हणत राहिलो. बाबासाहेबांनी प्रतिज्ञा दिली ती डोकं मोकळं करायला, हाव लपवायला नाही.

उठलो. पोरीला घेऊन दुकानात गेलो. ना चतुर्थी, ना गणपती, साधा बुधवार. नगाला चाळीस रुपये. दोन घेतले. रोख मोजले. बाहेरच्या बाकड्यावर बसून खाल्ले.

चांगला होता. खोटं कशाला बोलू? मऊ होता, तूप सुटत होतं, वेलदोड्याचा वास होता. कुणीतरी बाईनं मन लावून कळ्या पाडल्या होत्या. त्या बाईशी माझं भांडण नाही, पदार्थाशी तर नाहीच. पण तीन घासांत संपला. आणि मी तसाच बसून राहिलो, अजून काहीतरी यायचंय म्हणून. यायचं काहीच नव्हतं. तांदूळ, नारळ, गूळ. ह्या तीन जिनसांसाठी मी आईला खोटं ठरवलं होतं.

मग नातीला सुकडीची गोष्ट सांगितली. भुईवरचं चित्र, लसणाची गड्डी, लाल टोक, सगळं. पोरगी हातातला मोदक तसाच धरून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "मला तो पाहिजे. आजीवाला."

ऐका, भावांनो. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. दुष्काळातल्या सुकडीनं! गोष्टीत एवढी ताकद आहे. आणि आपण ती ताकद दुसऱ्याच्या हातात देऊन बसलोय.

आपल्यातले दोन प्रकारचे लोक मला दिसतात. एक फ्लॅटवाले. पाहुणे आले की पुढं मोदक, श्रीखंड, अळूवडी. वजडी, सुकट, चान्या सगळं दार लावून, खिडकी लावून. शेजाऱ्याला वास जाऊ नये म्हणून उदबत्ती. दुसरे माझ्यासारखे. नाकारून नाकारून त्यातच म्हातारे होणारे. पहिला मोदकाकडं पळतो, दुसरा मोदकापासून पळतो. मधी मोदक आपला जागच्या जागी.

तिसरी वाट आहे. शाहू पाटोळ्यांनी २०१५ ला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचं खाणं कागदावर आणलं. तोवर 'महाराष्ट्रीय जेवण' म्हणून जे छापलं जायचं त्यात आपली चूलच नव्हती. पण ते मोठ्यांसाठी झालं. पोरांचं काय? आपण पोरांना आंदोलनं सांगतो, तारखा सांगतो, घोषणा शिकवतो. गोष्ट सांगत नाही. सिद्धार्थानं उपास सोडला तो सुजाताच्या खिरीवर. दर बुद्धपौर्णिमेला वस्तीत गव्हाची खीर शिजते, गूळ घातलेली, मोठ्या पातेल्यात, आणि सगळ्यांना एकाच पळीनं हातात वाढतात. वरून टाकत नाहीत. ह्याच्यापेक्षा मोठी गोडाची गोष्ट कुणाकडं आहे? पण आपणच ती दोन ओळींत उरकतो आणि लाउडस्पीकर लावतो.

एक इशारा. सुकडीचे गोडवे गाऊ नका. ती सरकारी सुकडी होती, पोटात खड्डा पडलेल्या माणसांना दिलेली. उद्या एखादं हॉटेल 'दुष्काळी थाळी' काढेल आणि आपलेच लोक फोटो काढायला जातील. मला सुकडी परत नकोय. मला परत पाहिजे ते त्या संध्याकाळचं एक वाक्य, आणि ते आता मिळत नाही. आई गेली.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही कविता लिहिता, पत्रकं लिहिता. पोरांसाठी लिहा. आपल्या चुलीवरचं, आपल्या बायांच्या हातचं लिहा. असं लिहा की आपल्या पोराला त्याच्या आईच्या हातातलं खरं वाटलं पाहिजे.

नाहीतर अजून पन्नास वर्षांनी कुणीतरी म्हातारा बाकड्यावर बसून चाळीस रुपयांचा मोदक खाईल आणि आईला मनातल्या मनात म्हणेल, चुकलो.

जय भीम.