फुरसतीच्या वेळेवर नवा मुकादम

दिवसभराचे काम आटोपून तासभर खेळावयास मैदानावर आलेल्या माणसाला कोणी दारातच अडविले, आणि “तू काल किती खेळलास, तुझी कामगिरी शेकडा किती भरली, त्याचा दाखला आण, मगच आत ये,” असे बजावले, तर गावातील लोक अडविणाऱ्याला वेड्यात काढतील. परंतु इंटरनेटवर हजारो माणसे एकत्र येऊन जे भूमिकाखेळ खेळतात, त्यांत हा दंडक गेली कित्येक वर्षे चालू आहे. तो इतका अंगवळणी पडला आहे, की त्याविरुद्ध तक्रार करणारालाच आळशी ठरविले जाते.

असला विषय ह्या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येण्याचा संभव आहे. त्याचे उत्तर असे, की फुरसत ही कामगारांना कोणी दान म्हणून दिलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या दीर्घ खटपटीनंतर. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही मागणी रॉबर्ट ओवेन ह्यांनी त्याच्याही कितीतरी आधी मांडली होती. ह्या तिसऱ्या आठ तासांचे पुढे काय होते, ते खरोखरच माणसाचे स्वतःचे राहतात काय, हा प्रश्न कामगार चळवळीला परका असू शकत नाही.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे विवेचन अवश्य आहे. ह्या खेळांत प्रत्येक जण एक पात्र धारण करतो. कोणी योद्धा होतो, कोणी वैद्य, कोणी मांत्रिक. एकाच कल्पित प्रदेशात इतर हजारो जणांच्या सोबतीने तो त्या पात्राला वाढवीत नेतो. एक खेळाडू निजावयास गेला तरी तो प्रदेश चालूच राहतो. ह्या प्रकाराचा उगम १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ह्या विद्यार्थ्यांनी तेथे ‘मड’ नावाचा, केवळ शब्दांवर चालणारा खेळ रचला. बार्टल ह्यांनी पुढे सांगितले आहे, की पात्राला पायरी-पायरीने वर चढण्याची सोय त्यांनी जाणूनबुजून ठेवली. इंग्लंडच्या वर्गबद्ध समाजात माणसाची जागा जन्मावरून ठरत होती. ती ज्याच्या त्याच्या कर्तृत्वावरून ठरेल असे एक जग त्यांना उभे करावयाचे होते. १९९६ साली त्यांनी खेळाडूंचे चार प्रकार वर्णन केले. कोणाला साध्य गाठण्यात आनंद असतो, कोणाला नवा मुलूख धुंडाळण्यात, कोणाला चार माणसांत मिसळण्यात, तर कोणाला दुसऱ्यावर कुरघोडी करण्यात. ह्या चौघांचा तोल राखला गेला तरच असले जग टिकते, हे त्यांच्या विवेचनाचे सार होते.

जन्माची उतरंड मोडण्यासाठी लावलेल्या ह्या शिडीचीच पुढे नवी उतरंड कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ ह्या खेळाचे उदाहरण पुरेसे आहे. ब्लिझर्ड ह्या अमेरिकन कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आणला, आणि २०१० साली त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले. आरंभीच्या मोठ्या मोहिमांना चाळीस माणसे लागत. ही चाळीस माणसे ठरलेल्या रात्री जमत, एकाने मार झेलावयाचा, दुसऱ्याने त्याच्या जखमा भरून काढावयाच्या, बाकीच्यांनी मारा करावयाचा, अशी कामाची वाटणी करीत आणि पुनःपुन्हा हरून अखेर जिंकत. त्यांच्या संघटनेला ‘गिल्ड’ म्हणतात. त्यांत शिस्त होती, चुरस होती, आणि नवख्याला सांभाळून घेणेही होते.

लुटीच्या वाटपाची जी पद्धत ह्या खेळाडूंत रूढ होती, ती तर आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम समजून घ्यावी. १९९९ सालच्या ‘एव्हरक्वेस्ट’ ह्या खेळात ड्रॅगन मारावयास डझनावारी माणसे लागत, आणि हाती मात्र दोन-चारच वस्तू येत. त्या कोणी घ्यावयाच्या? खेळाडूंनी आपणच तोड काढली. जो मोहिमेत सामील होईल त्याच्या नावावर गुण मांडावयाचे, आणि ते गुण खर्चून त्याने पुढे वस्तू घ्यावयाची. ओवेन ह्यांनी १८३२ साली लंडनच्या विनिमय केंद्रात चालविलेल्या श्रमचिठ्ठ्यांची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था होती. वरून कोणी हुकूम न देता माणसे न्याय्य वाटपाचा विचार करू शकतात, ह्याचे हे लहानसे पण खरे उदाहरण होय.

मग बिघडले कोठे? बिघाडाला आरंभ झाला तो मोजणीपासून. लढाईतील प्रत्येक घावाची नोंद हा खेळ आपोआप करतो. त्या नोंदीवरून, दर सेकंदास कोणी किती मारा केला ह्याचा तक्ता मांडणारी साधने खेळाडूंनीच तयार केली. आपले कोठे चुकते हे कळावे, हा त्यांचा मूळ हेतू होता, आणि तो वाईट नव्हता. पुढे ‘वॉरक्राफ्ट लॉग्ज’सारख्या संकेतस्थळांवर ह्या नोंदी जाहीरपणे साठू लागल्या. तीच भूमिका करणाऱ्या इतर सर्वांशी तुलना होऊन प्रत्येकाला शंभरातील आपला क्रमांक मिळू लागला, आणि प्रत्येक थराला रंग ठरला. तळाच्या थराचा रंग राखाडी. ‘राखाडी’ ही आता ह्या मंडळींत शिवी झाली आहे. चुका सुधारण्याचे साधन असे माणसाची लायकी ठरविण्याचे साधन झाले.

हा बदल खेळाच्या अवघडपणामुळे झाला असे कोणी म्हणेल, तर त्याला २०१९ सालचा अनुभव दाखविता येतो. त्या वर्षी कंपनीने जुना खेळ, आरंभीच्या काळात होता तसा, ‘क्लासिक’ ह्या नावाने पुन्हा खुला केला. राक्षस तेच, किल्ले तेच. ज्या रॅग्नरॉसला २००५ साली पहिल्यांदा पाडावयास कित्येक महिने लागले, तो ह्या वेळी पहिल्याच आठवड्यात पडला. म्हणजे खेळ सोपा ठरला होता, आणि आता तरी निवांतपणे खेळावयास हरकत नव्हती. झाले मात्र उलटेच. मोहिमेपूर्वी गावोगावी फिरून तात्पुरती शक्ती देणारे आशीर्वाद गोळा करावयाचे, आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून मोहिमेच्या रात्रीपर्यंत त्या पात्राने खेळावयाचेच नाही, असा रिवाज कित्येक गिल्डांत पडला. खेळातील आकडा चांगला यावा म्हणून खेळच बंद ठेवावयाचा! कठीण शत्रूमुळे हा ताण आला नव्हता. तो जाहीर तक्त्यामुळे आला होता.

मूळ खेळात हीच गोष्ट कंपनीने नियमांतच बसविली. २०१६ पासून त्यात पाच जणांनी घड्याळाशी शर्यत लावून पार करावयाच्या मोहिमा आल्या. वेळ चुकली की पुढील मोहिमेची किल्ली एक पायरी खाली उतरते. अनोळखी माणसाला सोबत घेताना त्याचा आकडा बाहेरच्या संकेतस्थळावर पाहण्याची चाल पडली, आणि २०२१ साली कंपनीने असा आकडा खेळातच लावून दिला. आता ज्याचा आकडा कमी, तो आत घेतला जात नाही. आणि आत घेतला जात नाही म्हणून त्याचा आकडाही वाढत नाही. गिरणीच्या दारात बदलीच्या आशेने उभ्या राहणाऱ्या कामगारासारखा तो टोळीप्रमुखाच्या होकाराची वाट पाहत ताटकळतो. आणि टोळीप्रमुख तरी कोण? त्याच्यासारखाच दिवसभर राबून आलेला दुसरा खेळाडू. त्यालाही आपली किल्ली उतरण्याची धास्ती असते. मालकाने स्वतः न येता कामगारालाच कामगारावर मुकादम म्हणून बसवावे, तसा हा प्रकार आहे.

ह्यात हित कोणाचे, हे शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. ह्या खेळाची वर्गणी दरमहा सुमारे पंधरा डॉलर आहे. माणूस समाधान पावून उठून गेला तर वर्गणी थांबते. मागे पडण्याच्या धास्तीने दर आठवड्यास परत आला तर ती चालू राहते. धास्तीचा बाजार येथेच संपत नाही. ज्याला वेळ नाही तो खेळातील सोने पैशाने विकत घेऊ लागला, आणि ते सोने पुरविण्यासाठी चीनमध्ये कार्यशाळा निघाल्या. तेथे तरुण कामगार बारा-बारा तासांच्या पाळ्यांत, अगदी तुटपुंज्या मजुरीवर, हाच खेळ खेळत. एकाचा विरंगुळा ती दुसऱ्याची पाळी, अशी ही जागतिक श्रमविभागणी होती. २०१५ साली कंपनीने स्वतःच पैशाच्या बदल्यात सोने मिळवून देणारे टोकन विकावयास काढले. क्लासिकमध्ये तर श्रमाच्या गुणांऐवजी सोन्याच्या बोलीवर लुटीचा लिलाव होऊ लागला. त्यातून सोन्याची चोरटी विक्री इतकी माजली, की २०२४ साली काही सर्व्हरांवर कंपनीलाच ह्या लिलावावर बंदी घालावी लागली. श्रमचिठ्ठीपासून लिलावापर्यंतचा हा प्रवास अवघ्या पंचवीस वर्षांतला आहे.

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की स्पर्धा हा खेळाचा प्राणच आहे. जत्रेतील कुस्तीही स्पर्धाच नव्हे काय? आक्षेप रास्त आहे, आणि कसून खेळणाऱ्यांची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. अवघड गोष्ट साधण्यातील आनंद हा माणसाच्या थोर आनंदांपैकी एक आहे, आणि महिनोन्‌महिने झटणाऱ्या गिल्डाला तो लाभतो. परंतु कुस्तीच्या फडात उतरणे हे मल्लाच्या मर्जीवर असते. जत्रेला आलेल्या प्रत्येकाला लंगोट कसल्यावाचून मिठाई मिळणार नाही, असे कोणी म्हणत नाही. फड असावा, पण सबंध जत्रेचाच फड करणे अन्यायाचे आहे.

दुसरा आक्षेप असा, की कोणी सक्ती केलेली नाही. नको वाटेल त्याने सोडून जावे. हा युक्तिवाद आपल्या परिचयाचा आहे. नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य आहेच की, असे गिरणीमालकही म्हणत. माणूस ह्या खेळात गुंततो तो राक्षसांसाठी नव्हे, तर वर्षानुवर्षे सोबत केलेल्या माणसांसाठी. खेळ सोडणे म्हणजे त्यांची संगत सोडणे. जेथे संगतीची किंमत आकड्यांत मोजून घेतली जाते, तेथे सक्तीसाठी चाबकाची गरज उरत नाही.

हे अटळ नाही, ह्याचा पुरावा त्याच व्यवसायात आहे. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीच्या ‘फायनल फँटसी चौदा’ ह्या खेळाच्या नियमांनुसार मोजणीची बाहेरची साधने वापरण्यास मनाई आहे, आणि आकडे दाखवून दुसऱ्याला हिणविणे हा कारवाईस पात्र अपराध मानला जातो. लपूनछपून मोजणारे तेथेही आहेत, आणि अतिशय कठीण लढायाही आहेत. परंतु तेथील सामान्य मोहिमेत एखादा सोबती प्रथमच आलेला असेल, तर बाकीच्यांना जादा बक्षीस मिळते. नवखा माणूस हे ओझे न ठरता सर्वांचा लाभ ठरतो. ती कंपनीही नफ्यासाठीच चालते, ह्याविषयी आमचा गैरसमज नाही. मुद्दा एवढाच, की नियम माणसे करतात आणि माणसे ते बदलू शकतात.

ते बदलण्याची शक्ती कोठून येणार? मायक्रोसॉफ्टने २०२३ साली सुमारे ६,९०० कोटी डॉलर मोजून ब्लिझर्डसह सबंध कंपनी विकत घेतली. त्यानंतर जुलै २०२४ मध्ये वॉरक्राफ्ट घडविणाऱ्या पाचशेहून अधिक कामगारांनी ‘कम्युनिकेशन वर्कर्स ऑफ अमेरिका’ ह्या संघटनेखाली आपली युनियन उभी केली. खेळ घडविणारे आपल्या कामाचे तास आणि अटी ह्यांविषयी एकजुटीने बोलू लागले आहेत. खेळणाऱ्यांनीही आपल्या फुरसतीच्या अटींविषयी तसेच बोलावे. आकडा दाखविणे ऐच्छिक असावे, घड्याळाविना जाणारी वाटही तितकीच फळदायी असावी, आणि नवख्याला सोबत नेणाराला बक्षीस मिळावे, ह्या मागण्या काही अवास्तव नाहीत. दर्जा, हंगाम आणि रोजची हजेरी ही साखळी आता आपल्या मुलांच्या हातांतील मोबाइलवरच्या खेळांतही आली आहे. कार्यकर्त्यांनी त्या मुलांना नुसते रागावू नये. खेळाचे नियम कोणी आणि कोणासाठी केले, हे त्यांना विचारावयास शिकवावे.

आपल्या गल्लीतील पोरांना ह्या बाबतीत कंपन्यांपेक्षा अधिक कळत होते. खेळ ऐन रंगात आला असताना कोणाचा तरी धाकटा भाऊ रडत येई. त्याला हाकलून न देता पोरे त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेत. तो धावे, ओरडे, पण त्याच्यावर राज्य येत नसे. मोठ्यांची चुरस त्यामुळे तसूभरही कमी होत नसे, आणि पुढे तोच कच्चा लिंबू पक्का गडी होई. सर्वांना आत घेऊनही चुरशीने खेळता येते, हा धडा पोरांनी कोणत्याही शाळेत न जाता गिरविला होता.