गोळीचं नाव खिशात हवं

बेशुद्ध रुग्ण येतो, सोबत घरचं कुणी नसतं, खिशात आभा कार्ड सापडतं आणि त्यावरून उपचाराच्या कामाचं काहीच कळत नाही. जिल्ह्यातल्या डॉक्टर वाचकांची ही तक्रार आता वारंवार येते आहे आणि ती रास्त आहे.

आभा कार्डावर नाव, जन्मतारीख, मोबाईल, १४ आकडी क्रमांक आणि क्यूआर कोड असतो. मधुमेहाचा उल्लेख नसतो. जुन्या नोंदी उघडायच्या तर रुग्णाची संमती लागते आणि ती त्याच्या मोबाईलवरून मिळते. ज्याची साखर ४० वर आली आहे, तो ओटीपी कसा सांगणार? आढावा बैठकीत विचारणा होते ती कार्डं किती काढली याची. अडल्या वेळी त्यातलं एक तरी उपयोगी पडलं का, हे कुणी विचारत नाही. सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली तेव्हा रुग्णाची स्थिती सांगणारी कार्डं लोकांच्या हाती देण्यात आली. मधुमेहासाठी तिशीपुढच्या प्रत्येकाची तपासणी आपण करतो, पण खिशात मावेल आणि अनोळखी माणसाला वाचता येईल असा कागद आपल्या रुग्णांकडे दिसत नाही. केस पेपर घरी, खुंटीवरच्या पिशवीत.

काही जण आजाराचं नाव कोरलेली, ऑनलाइन मागवलेली कडी सुचवतात. कॅलिफोर्नियात डॉ. मॅरियन कॉलिन्स यांनी १९५६ मध्ये अशा कड्यांचं मेडिकअ‍ॅलर्ट सुरू केलं, ते मुलीला अ‍ॅण्टिटॉक्सिनची जीवघेणी अ‍ॅलर्जी झाल्यावर. तिथं अशी कडी बघण्याची सवय रुग्णवाहिकेतल्या लोकांना लागली. आपल्याकडे मनगटावर कडं असतं, गंडा असतो, बांगड्या असतात. त्यांत इंग्रजी अक्षरं कोण शोधणार? शेतकामाच्या वेळी कडं काढूनही ठेवतात. गोंदणाबद्दलही विचारणा होते. टाइप १ च्या तरुणाला ते चालेल, पण साखर ताब्यात असतानाच, जखम चिघळू नये म्हणून. गोळ्या बदलत राहणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. स्मार्टफोनच्या लॉक स्क्रीनवरची आपत्कालीन माहिती मात्र जरूर भरून द्या. साध्या बटणांच्या मोबाईलवाल्यांचं काय, हा प्रश्न उरतोच.

आणि नुसतं ‘मधुमेही’ लिहून भागत नाही. ग्लुकोमीटर असेल तर साखर आपण मिनिटभरात बघतो, बघायलाच हवी. कळत नाही ते गोळीचं नाव. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड चालू असलेला, किडनी थकलेला म्हातारा २५ टक्के डेक्स्ट्रोजनं उठून बसतो, घरी जायचा हट्ट धरतो, नातेवाईक घेऊन जातात आणि रात्री साखर पुन्हा खाली येते. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्या रुग्णाची साखर अशी पडली, तर कारण दुसरीकडेच शोधावं लागतं. निर्णय गोळीच्या नावावर फिरतो आणि तेच आपल्याला ठाऊक नसतं.

यात आपलाही दोष आहे. औषधाचं नाव जेनेरिक आणि वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा, असा नियम २०१६ पासून आहे. तरी कॉम्बिनेशन गोळीचं ब्रॅण्डनाव तिरक्या रेघेत ओढणारे सदस्य आपल्यात आहेत. त्यांनी ही सवय आजच सोडावी.

सर्वांना विनंती आहे, शासनाच्या कार्डाची वाट पाहू नका. जाड कागदाचा तुकडा घ्या. वर मराठीत ‘मला मधुमेह आहे’. खाली औषधाचं जेनेरिक नाव आणि डोस, इन्सुलिन असेल तर कोणतं, किडनीचा आजार, अ‍ॅलर्जी, घरच्या दोघांचे नंबर आणि लिहिल्याची तारीख. मागे एकच सूचना: शुद्धीवर असेल तर साखर द्या, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. लॅमिनेशन करून एक प्रत मोबाईलच्या कव्हरमध्ये, दुसरी बंडीच्या खिशात किंवा कमरेच्या चंचीत. गोळी बदलली की कार्ड बदला. औषध दुकानदारांनी गोळ्या देताना कार्ड मागून ताडून पाहावं.

रामनवमीला पोहरादेवीला लाखो लोक येतील. उपास, ऊन, सकाळी सवयीनं घेतलेली गोळी. आणि गर्दीत कोसळलेल्या माणसाला दारू प्यायलेला किंवा ऊन लागलेला समजून सावलीत नुसतं निजवून ठेवतात. जत्रेला निघणाऱ्या प्रत्येक मधुमेही रुग्णाला आधी बोलवा, उपासाच्या दिवसाचा डोस ठरवून द्या आणि कार्ड लिहूनच पाठवा. मानोरा, कारंजा आणि मंगरूळपीरच्या सदस्यांनी हे काम याच आठवड्यात हाती घ्यावं.