टेप मेली तरी पाळी चालू

शनिवारी वैशाखऱ्याला घरी गेलो होतो. पावसाळ्यातल्या शनिवारी कल्याणहून माळशेजच्या रस्त्याला लागणं म्हणजे काय असतं ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. मुरबाड, सरळगाव, टोकावडे असं करत आमची एसटी धबधबे बघायला निघालेल्या गाड्यांच्या मागे रांगत होती. घरी पोचलो तर दादा (चुलतभाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा) रात्रपाळी करून येऊन पडवीत बसलेला. खोकत होता.

काकू म्हणाली, "दोन महिने झाले. सुट्टी असली की कमी होतो, कामावर गेला की पुन्हा सुरू."

हे वाक्य ऐकलं आणि वीकान्ताचा सगळा मूड गेला. म्हणून हा लेख. जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

दादा एका कारखान्यात आहे. नाव मुद्दाम देत नाही, त्याला सोमवारी तिथेच जायचंय. तिथे फोम बनवायला टीडीआय लागतं, म्हणजे टोल्यूइन डायआयसोसायनेट. ते हवेत किती आहे हे मोजायला भिंतीवर एक टेपवालं यंत्र आहे.

आधी हे यंत्र काय असतं ते सांगतो. आपल्या जुन्या ऑडिओ कॅसेटसारखीच रचना. एका रिळावर रसायन लावलेली कागदी पट्टी, दुसऱ्या रिळावर वापरलेली पट्टी गुंडाळली जाते. छोटा पंप ठरावीक वेगाने हवा ओढतो आणि ती पट्टीच्या टिकलीएवढ्या जागेतून जाते. हवेत तो गॅस असेल तर तिथे डाग पडतो. त्यावर एक दिवा आणि प्रकाश मोजणारा एक 'डोळा'. परत येणारा प्रकाश जितक्या झपाट्याने कमी होईल तितका गॅस जास्त. मोजून झालं की पट्टी पुढे सरकते, कोरी जागा समोर येते. शाळेतल्या लिटमस पेपरला मोटर लावलीय असं समजा.

साधं यंत्र, पण नजर जबरदस्त. टीडीआयसाठी कित्येक वर्षं चालत आलेली मर्यादा ५ पीपीबी, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत ५ भाग. अमेरिकेतल्या एसीजीआयएचने २०१६ मध्ये आठ तासांच्या सरासरीसाठी ती १ पीपीबीवर आणली. नाकाला वास येईपर्यंत प्रमाण याच्या कितीतरी पट झालेलं असतं. १४ जुलै २०१० ला मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर, वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभराहून जास्त लोकांना त्रास झाला. पण क्लोरीन निदान नाकाला सांगतो तरी, की पळा. टीडीआय वेळेत तेवढंही सांगत नाही. आणि एकदा शरीराने त्याचं वाकडं घेतलं की पुढे नगण्य प्रमाणानेही दम लागतो. मग ते कामच सोडावं लागतं.

आता दादाच्या खात्यात काय झालं ते ऐका.

पहिलं, फिल्टर. फोमची धूळ आणि पावसाळ्यातली ओल. हवा ओढायची नळी तुंबली की यंत्र 'प्रवाह कमी' म्हणून ओरडतं. बरोबरच आहे, हवा आत गेलीच नाही तर मोजणार काय? पण फिल्टर बदलणारा माणूस नोकरी सोडून गेला, जागा भरली नाही. यंत्र दिवसातून चार वेळा ओरडायचं, कोणीतरी बटण दाबून गप्प करायचं.

दुसरं, टेप. रीळ साधारण महिनाभर पुरायचं. नव्यासाठी मागणी गेली, खरेदीवाले म्हणाले तीन कोटेशन आणा. तोवर कपाटात एक जुनं रीळ सापडलं. मुदत उलटलेली, उन्हातान्हात पडलेली. या पट्टीवरचं रसायन औषधासारखं असतं, मुदत, ऊन, ओल सगळं सांभाळावं लागतं. काही प्रकारची टेप तर फ्रिजमध्ये ठेवतात. काही यंत्रं रिळावरची मुदत स्वतः तपासतात, याला ती सोय नाही. याला पट्टी आहे एवढंच कळलं. पट्टी मेलीय हे कळलं नाही.

तिसरं म्हणजे कहर. तपासणी यायची होती. यंत्र धुळीत खराब होतं म्हणून कोणा हुशार माणसाने ते उचलून एसीच्या खोलीत नेलं आणि खात्यापर्यंत वीसेक मीटरची नळी टाकली. दिसायला एकदम झकास! पण आयसोसायनेट नळीच्या भिंतीला चिकटतात. म्हणून यांच्यासाठी यंत्र जागेवरच हवं, नळी नाहीतर अगदी आखूड. लांब नळीने गॅस वाटेतच खाल्ला, यंत्रापर्यंत आली ती निव्वळ हवा. तपासणीत रंगीत कार्ड घालून 'डोळा' तपासला. पास! अहो, कार्डाने डोळाच तपासला जातो. पट्टी नाही, नळी तर नाहीच नाही.

आता गंमत बघा. फिल्टर तुंबला तेव्हा यंत्र निदान ओरडत तरी होतं. मेलेली पट्टी आणि लांब नळी यांचं मात्र पडद्यावर एकच उत्तर: शून्य. आणि हवा खरोखर स्वच्छ असेल तेव्हाही शून्यच. म्हणजे 'गॅस नाही' आणि 'मला दिसत नाही' या दोन्हींसाठी एकच आकडा.

आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात. सर्व्हरवर नजर ठेवणारा प्रोग्रॅमच मेला तर डॅशबोर्ड हिरवागार राहू शकतो. म्हणून त्याने दर मिनिटाला 'मी आहे' असा निरोप पाठवायचा आणि निरोप आला नाही तर तीच धोक्याची घंटा धरायची. शिवाय अधूनमधून मुद्दाम खोटी चूक घालून बघायची, पकडतो का. कुठल्यातरी साइटचं पेमेंटचं पान अडकलं म्हणून आम्ही रात्री तीन वाजता माणसं उठवतो. आणि जिथे माणसाचं फुप्फुस टांगणीला आहे तिथे टेपसाठी तीन कोटेशन?

आता तुम्ही म्हणाल, भोंगा गप्प करणारे कामगारच ना? हो. पण दिवसातून चार वेळा ओरडणाऱ्या आणि कोणीच दुरुस्त न करणाऱ्या यंत्राचं तुम्ही काय केलं असतं? बटण दाबणाऱ्याचा हात दिसतो, फिल्टर न देणाऱ्याचा दिसत नाही, एवढाच फरक. प्रत्येक अपघातानंतर 'मानवी चूक' हे दोन शब्द येतात ते नेहमी शेवटच्या हाताला चिकटतात.

भोपाळ आठवा. २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र. तिथला मिथाइल आयसोसायनेट आणि हा टीडीआय एकाच कुळातले. (घाबरू नका, टीडीआय तितका उडत नाही, भोपाळसारखा ढग होईल असं मी म्हणत नाही. कूळ तेच, एवढंच.) टाकी थंड ठेवणारं यंत्र बंद, गॅस धुणारा स्क्रबर तयार स्थितीत नाही, जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप सोडवलेला. कामगारांना गळती कळायची ती डोळ्यांना पाणी आलं की. आणि बाहेरच्या लोकांसाठीचा भोंगा सुरू होऊन थोड्याच वेळात बंद केला गेला, कारण लोक उगाच घाबरू नयेत अशी कंपनीची पद्धत होती. सांगा, ही कुठल्या एका कामगाराची चूक?

दुसरा आक्षेप, टेप महाग, कटकटीची, दुसरा सेन्सर लावा. लावा की, तुमच्या गॅसला इतक्या खालच्या पातळीवर चालणारा मिळत असेल तर. पण तोही म्हातारा होतो, त्यालाही तपासावं लागतं. देखभाल नको म्हणून यंत्र बदलणं म्हणजे औषध कडू म्हणून डॉक्टर बदलणं. शिवाय टेपचा एक गुण कोणी बोलत नाही: ती पुरावा ठेवते. डाग पडला तो दिसतो, नंतर फिका पडेल पण पडला होता हे कळतं. कदाचित म्हणूनच काहींना ती आवडत नसेल ;-)

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात बदल झाले, धोका जवळ आलाय असं वाटलं तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणून द्यायचा हक्क कामगाराला मिळाला. चांगलंच झालं. पण हक्क बजावायला आधी धोका दिसायला हवा. यंत्रच आंधळं ठेवलं की हक्क कागदावर.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. यंत्र पाहत नसेल तर गॅस आहे असंच धरा आणि पाळी थांबवा. प्रवाह कमी, पाळी बंद. टेप संपली किंवा मुदत उलटली, पाळी बंद. एक तास उत्पादन थांबलं की खरेदीवाल्यांना टेपची किंमत आपोआप कळेल, तीन कोटेशनची गरज पडणार नाही. जोवर टेप संपण्याचा खर्च फक्त दादाच्या छातीवर पडतोय, तोवर ती संपतच राहणार.

त्याचा खोकला कशाने आहे ते मला माहीत नाही, मी डॉक्टर नाही. कल्याणला छातीच्या डॉक्टरांकडे गुरुवारची वेळ घेतलीय, तेव्हा कळेल. पण कारखान्यात टीडीआय किती होतं हे त्यांनी विचारलं तर दादाकडे काय उत्तर आहे? दोन महिन्यांची शून्यं.

रात्री जेवताना त्याने विचारलं, "रजिस्टरात 'यंत्र चालू: होय किंवा नाही' एवढीच जागा असते. मी काय लिहू रे?"

मी म्हटलं, "नाही लिही. आणि खाली नळी किती मीटरची आहे तेही लिही."

"मग नोकरी?"

याचं उत्तर मला आलं नाही. तुमच्यापैकी कोणी कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघत असाल तर निदान उद्या आपल्या यंत्राची नळी मोजा, रिळावरची तारीख वाचा. पाच मिनिटांचं काम आहे.

असो. चूकभूल द्यावी घ्यावी.