गिऱ्हाईक पाठवायचं कुठे?
दुसऱ्याच्या दुकानाची लिंक द्यायची आणि विक्री झाली की कमिशन घ्यायचं, ही पद्धत ॲमेझॉनने १९९६मध्येच अवलंबली होती. तिथली नोकरी सोडलेल्या सचिन आणि बिनी बन्सल यांनाही आधी किमतींची तुलना दाखवणारी साइटच काढायची होती. पण गिऱ्हाईक पाठवणार कुठे? भारतात तेव्हा धड ऑनलाइन दुकानंच नव्हती! मग २००७मध्ये बंगळुरूच्या कोरमंगलातल्या फ्लॅटमधून त्यांनी स्वतःच पुस्तकं विकायला घेतली. जाहिरातीला पैसा नाही, म्हणून पुस्तकांच्या दुकानाबाहेर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात आपल्या फ्लिपकार्ट या साइटचे बुकमार्क ठेवले. दुसऱ्याच्या उंबऱ्यावरून गिऱ्हाईक वळवायचं, तेही त्या गिऱ्हाइकाच्या उपयोगाची वस्तू देऊन. हे कसब आजच्या लिंकांत कुठलं! पुढे फ्लिपकार्टही लिंकवाल्यांना कमिशन देऊ लागलं.