बारा तासांची ड्युटी आणि दुप्पट मजुरी: मालकांनी काय समजून घ्यावे?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या तासांत बदल मंजूर केला, तेव्हा बातमी पसरली ती एवढीच की आता बारा तास काम घेता येईल. भिवंडी-मालेगावच्या लूमवाल्यांना त्यात नवल वाटले नाही. तिथे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या आधीपासूनच चालतात. पण बातमीचा दुसरा अर्धा भाग मालकांपर्यंत पोहोचलाच नाही, आणि खरा हिशोब तिथेच आहे.

आधी बदल पाहू. कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास झाली. तीन महिन्यांतील ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर गेली, म्हणजे आठवड्याला साधारण ११ तास. दुकाने व आस्थापनांत दिवसाचे ९ तास १० झाले, तर तिमाही ओव्हरटाइम १२५ वरून १४४ तास. कारखान्यात जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती हवी. आठवड्याचे ४८ तास मात्र तसेच आहेत. त्यावरचा प्रत्येक तास हा ओव्हरटाइम, आणि त्याचा दर दुप्पट.

साधे उदाहरण घ्या. आठ तासांची मजुरी ६०० रुपये असेल तर तासाला ७५ पडतात. दोन तास जादा थांबवले तर १५० नव्हे, ३०० रुपये द्यावे लागतात. आपल्याकडे अनेक ठिकाणी ‘जादा तासांचे तेवढेच पैसे’ किंवा चहा-वडापाव देऊन भागवतात. ते कायद्यात बसत नाही.

‘आमच्याकडे कारीगर पीसवर आहेत, ओव्हरटाइम कसला?’ असे काही सेठ म्हणतात. १९४८ च्या कारखाना कायद्यातच याचे उत्तर होते: पीसवर काम करणाऱ्याच्या मागच्या महिन्यातील रोजच्या सरासरी कमाईवरून त्याचा दर काढायचा आणि तो दुप्पट करायचा.

दुसरा गैरसमज २० कामगारांचा. राज्याच्या दुकाने कायद्यातील बऱ्याच अटी आता २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू आहेत, हे खरे. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातील वेतन संहितेला कामगारांच्या संख्येची अट नाही. बेकरीत पाच माणसे असली तरी किमान वेतन आणि जादा तासांचा दुप्पट दर सुटत नाही.

पगाराची व्याख्याही बदलली आहे. भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम वेतनात धरायची. ३२ हजारांत मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४ हजारच दाखवले, तरी वेतन १६ हजार धरले जाईल. मूळ पगार कमी दाखवून ओव्हरटाइम वाचवण्याची जुनी युक्ती आता चालणार नाही.

वाद झालाच तर कामगार तीन वर्षांपर्यंत दावा करू शकतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. तोंडी हिशोब आणि चिठ्ठीवरची उचल तिथे कामाला येणार नाही. हजेरी, जादा तास, दिलेली रक्कम आणि कामगाराची सही एका वहीत असली तर मालकाचेच रक्षण होते.

लहान मालकाची अडचण आम्ही नाकारत नाही. वर व्यापारी भाव पाडतो, वीजबिल थांबत नाही. पण ती तूट कारीगराच्या झोपेतून भरून काढणे हा उपाय नव्हे. दुप्पट दर परवडत नसेल तर दुसरा माणूस ठेवावा. कायद्याचा हेतूही तोच आहे.

संमतीचेही तसेच. बिहार-यूपीहून आलेला, मालकाच्याच खोलीत झोपणारा मुलगा कोऱ्या कागदावर सही करतो, त्याला संमती म्हणता येईल का? रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत शिलाईचे काम रात्रभर चालते. तेव्हा ‘नाही’ म्हणणाऱ्याचे काम ईदनंतरही टिकते की नाही, यावरून ती संमती खरी होती का ते कळते.

घाम सुकण्याआधी मजुराला मजुरी द्या, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण जुम्याच्या बयानात दरवर्षी ऐकतो. कायदा दुप्पट दर आज सांगतो आहे. आपल्या कारखान्यांनी तो इन्स्पेक्टर येण्याची वाट न पाहता द्यावा, एवढीच अपेक्षा.