विश्लेषण : डिझाइनचे सॉफ्टवेअर विकत घ्यावे की भाड्याने? हिशेब नेमका कुठे चुकतो?

‘कॅनव्हा’ या ऑस्ट्रेलियन कंपनीने ३० ऑक्टोबर २०२५ रोजी ‘ॲफिनिटी’ हे व्यावसायिक दर्जाचे डिझाइन सॉफ्टवेअर मोफत केले. एकदा पैसे भरा आणि हवे तितके दिवस वापरा, ही ॲफिनिटीची दहा वर्षांची ओळख. दरमहा पैसे मागणाऱ्या ॲडोबीला कंटाळलेले अनेक जण केवळ त्यासाठी तिच्याकडे वळले होते. आता किंमत शून्यावर आली, पण विकत घेण्याचा तो पर्यायही त्यासोबत गेला. फोटोशॉप, इलस्ट्रेटर किंवा कोरेलड्रॉवर ज्यांचे पोट आहे, त्या डीटीपी केंद्रांना, फ्लेक्सच्या दुकानांना आणि घरून काम करणाऱ्या डिझायनरांना यातून एक जुनाच प्रश्न नव्याने पडला आहे. रोजच्या कामाचे अवजार विकत घ्यावे, की भाड्याने?

खोक्यातले सॉफ्टवेअर कधी बंद झाले?

२०१२ पर्यंत हा व्यवहार सरळ होता. फोटोशॉप सीएस-६ ची अमेरिकेतील किंमत ६९९ डॉलर होती. जुनी आवृत्ती असलेल्यास नवी १९९ डॉलरमध्ये मिळे. ॲडोबीची सगळी साधने एकत्र हवी असतील तर ‘मास्टर कलेक्शन’साठी २,५९९ डॉलर मोजावे लागत. त्याच वर्षी कंपनीने ‘क्रिएटिव्ह क्लाऊड’ ही मासिक शुल्काची योजना आणली आणि मे २०१३ मध्ये जाहीर केले, की सीएस-६ ही विकत मिळणारी शेवटची आवृत्ती. यापुढे नवे जे काही येईल ते फक्त भाड्याने.

विरोध झाला. ऑनलाइन निषेधपत्रावर हजारो सह्या झाल्या. पण शंतनू नारायण यांच्या नेतृत्वाखालील कंपनी मागे हटली नाही. २०१२ मध्ये सुमारे ४४० कोटी डॉलर असलेले वार्षिक उत्पन्न पुढच्या वर्षी घसरून ४०६ कोटींवर आले, मात्र २०२४ च्या आर्थिक वर्षात ते २,१५० कोटी डॉलरवर गेले. भाड्याची पद्धत कंपन्यांना का आवडते, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे. खोके विकणाऱ्या कंपनीला दर दीड-दोन वर्षांनी ग्राहकाला पटवावे लागते, की नव्या आवृत्तीत खरेच काही नवे आहे. भाडे घेणाऱ्या कंपनीला ते पटवत बसावे लागत नाही. ग्राहकाने काहीच केले नाही तरी पैसे येत राहतात.

भाडे महाग की खरेदी?

हे वापरणारा कोण, यावर ठरते. क्रिएटिव्ह क्लाऊड सुरू झाले तेव्हा वर्षभराच्या करारावर एका सॉफ्टवेअरचे शुल्क महिना सुमारे २० डॉलर आणि सगळ्यांचे मिळून ५० डॉलर होते. मास्टर कलेक्शनचे २,५९९ डॉलर ५० च्या हप्त्याने फिटायला ५२ महिने लागतात आणि त्या काळात नव्या आवृत्त्याही मिळत राहतात. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन आणि प्रीमियर रोज वापरणाऱ्या स्टुडिओसाठी भाडे उघड फायद्याचे होते. नव्याने धंद्यात उतरणाऱ्या मुलीलाही एकदम ६९९ डॉलर काढण्यापेक्षा महिना २० परवडले असते.

उलट बाजू पाहू. ज्याच्याकडे फोटोशॉप आधीच होते आणि जो प्रत्येक नवी आवृत्ती १९९ डॉलरला घेत होता, त्याला साधारण वीस महिन्यांचे चक्र धरले तर महिना दहा डॉलर पडत. नव्या पद्धतीत तेच काम दुप्पट किमतीचे झाले. आणि जो एकदा घेऊन पाच-सात वर्षे तीच आवृत्ती चालवत होता, त्याला तर पर्यायच उरला नाही.

महाराष्ट्रातले बरेचसे छोटे दुकान या शेवटच्या प्रकारात मोडते. वाढदिवसाचा फ्लेक्स, लग्नपत्रिका, पावतीपुस्तक, शाळेच्या गॅदरिंगचे बॅनर यांसाठी दरमहा नवी सोय कोणाला लागते? दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती आजही ते काम नीट करते. शिवाय हा धंदा हंगामी. लग्नसराई, गणपती आणि निवडणूक यांत रात्र पुरत नाही. भर पावसाळ्यात आठवडा आठवडा ऑर्डर नसते. भाडे मात्र बाराही महिने तेवढेच. वर त्यात वाढही होते. सगळ्या साधनांची जी योजना ५० डॉलरला सुरू झाली, ती जून २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेत नवे नाव आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जादा सोयी लावून ७० डॉलरवर गेली. ज्याला त्या सोयी नकोत त्याच्यासाठी स्वस्त योजना ठेवली आहे, पण तीही ५५ डॉलरची.

या सगळ्या हिशेबात एक न बोललेली गोष्ट आहे. आपल्याकडे भाड्याची खरी स्पर्धा खरेदीशी कधी नव्हतीच. ती ‘क्रॅक’ केलेल्या फुकट प्रतीशी होती आणि आहे. संगणक जोडून देणाऱ्यानेच त्यात कोरेल आणि फोटोशॉप ‘टाकून देणे’ ही रीत झाली होती. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बी नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या प्रतीबरोबर येणारे व्हायरस वेगळेच.

भारतात आणखी काय पाहावे लागते?

शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. दुकान जीएसटी नोंदणीकृत असेल तर तो वळता करून घेता येतो. नोंदणी नसलेल्या फ्रीलान्सरला तो खिशातूनच जातो. प्राप्तिकरात मासिक शुल्क त्याच वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येते, तर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. नियमित हिशेब ठेवणाऱ्यासाठी हा भाड्याच्या बाजूचा मुद्दा आहे.

आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी आणि १५ हजार रुपयांवरील अशा हप्त्याला ग्राहकाची स्वतंत्र मंजुरी लागते. मात्र बँकेकडील आदेश थांबवला म्हणजे कंपनीशी झालेला करार संपला, असे होत नाही. अनेकांची फसगत इथेच होते.

रद्द करताना अडचण का येते?

‘वार्षिक करार, मासिक हप्ता’ या शब्दांत गोम आहे. ग्राहकाला वाटते, महिन्याचे पैसे भरले, पुढच्या महिन्यात नको. प्रत्यक्षात त्याने वर्षभराची हमी दिलेली असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीवरून जून २०२४ मध्ये ॲडोबीविरुद्ध दावा दाखल झाला. पहिल्या वर्षात मध्येच थांबणाऱ्याकडून उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम घेतली जाते आणि ही अट ठळकपणे सांगितली जात नाही, असा त्यातील आरोप. कंपनीने तो नाकारला. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वांत १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी आहे. सदस्यत्वाचा सापळा ही त्यातली एक. म्हणजे रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड किंवा आडवळणाची ठेवणे. अशी तक्रार आता नियमावर बोट ठेवून करता येते.

भाडे थांबवल्यावर आपल्या फायलींचे काय?

किमतीपेक्षा मोठा प्रश्न हा आहे आणि घेताना तो सहसा कुणी विचारत नाही. दिवाळी अंकाची किंवा मासिकाची वर्गणी बंद केली तरी जुने अंक कपाटात राहतात आणि कधीही काढून वाचता येतात. सॉफ्टवेअरची वर्गणी थांबली की फाइल संगणकावर असते, पण ती उघडणारे अवजार जाते. आठ वर्षांपूर्वी ज्या गिऱ्हाइकाचे बोधचिन्ह केले, तो फक्त फोन नंबर बदलून मागायला आला तर त्या एका बदलासाठी पुन्हा भाडे सुरू करायचे. ॲडोबीच्या ‘लाइटरूम क्लासिक’मध्ये मात्र शुल्क संपल्यावरही आधीचे फोटो पाहता आणि बाहेर काढता येतात, फक्त नवे संस्करण करता येत नाही. हीच सवलत फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरला का नाही, हे कंपनीने सांगायला हवे.

भाडे नियमित भरूनही दार बंद होऊ शकते. २०२२ च्या अखेरीस ॲडोबी आणि रंगांचे सांकेतिक क्रमांक ठरवणारी ‘पॅन्टोन’ कंपनी यांचा जुना करार संपला. जुन्या फायली उघडताच त्यातले पॅन्टोन रंग काळे दिसू लागल्याच्या तक्रारी आल्या. ते परत हवे असतील तर पॅन्टोनला महिना सुमारे १५ डॉलर वेगळे द्या, असा मार्ग सुचवला गेला. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे व्हेनेझुएलातील सर्व खाती बंद करण्याची घोषणा ॲडोबीने केली होती. शेवटच्या क्षणी अमेरिकी सरकारची परवानगी मिळाल्याने ती वाचली. तिथल्या डिझायनरांनी पैसे थकवले नव्हते की नियम मोडला नव्हता.

विकत घेतलेले तरी कायम आपले राहते का?

पूर्ण नाही. खोक्यातही मालकी नव्हती, वापराचा परवानाच होता. ॲडोबीने सीएस-२ ची नोंदणी तपासणारी यंत्रणा २०१३ च्या आसपास बंद केली तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी वेगळे क्रमांक द्यावे लागले. ॲपलने २०१९ मध्ये मॅकवर ३२-बिट प्रणाली चालवणे थांबवले आणि सीएस-६ वर विसंबलेल्यांना जुना मॅक जपून ठेवणे भाग पडले.

मराठी मजकुराबाबत तर जुन्या आवृत्तीची किंमत रोज मोजावी लागते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तरी श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटवर तिने आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे पुस्तके आणि पत्रिका छापल्या. पण आज गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर, म्हणजे युनिकोडमध्ये पाठवते. तो जुन्या पेजमेकरमध्ये किंवा जुन्या फोटोशॉपमध्ये टाकला की वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरे तुटतात. मग कन्व्हर्टर, मग पुन्हा मुद्रितशोधन. देवनागरी नीट मांडणारी इनडिझाइन किंवा फोटोशॉप हवी तर नवी आवृत्ती लागते, आणि नवी फक्त भाड्याने मिळते. मराठी डिझायनरसाठी ‘जुनेच वापरू’ हे उत्तर इंग्रजीत काम करणाऱ्याइतके सोपे नाही.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो काही कंपन्यांनी वापरून दाखवला आहे. ‘स्केच’ने २०१६ मध्ये ९९ डॉलरमध्ये परवाना आणि वर्षभर सुधारणा देऊ केल्या, वर्ष संपल्यावर पैसे भरले नाहीत तर सुधारणा थांबत, सॉफ्टवेअर चालू राही. व्हिडीओ संकलनाचे ‘दा विंची रिझॉल्व्ह स्टुडिओ’ २९५ डॉलरला एकदाच विकले गेले आणि पुढच्या आवृत्त्या त्यातच मिळत आल्या. आयपॅडवर चित्रे काढणाऱ्यांचे ‘प्रोक्रिएट’ही एकरकमी किमतीत मिळते. ‘भाड्याशिवाय धंदा चालत नाही’ हा मोठ्या कंपन्यांचा दावा त्यामुळे पूर्ण पटत नाही. ज्याने वर्षभर पैसे भरले, त्याला निदान त्या दिवशीची आवृत्ती ठेवू द्यावी, ही मागणी अवाजवी नाही.

मुक्त सॉफ्टवेअरचा पर्याय आता चेष्टेचा राहिलेला नाही. इंकस्केपमध्ये युनिकोड देवनागरी व्यवस्थित उमटते आणि बोधचिन्ह, फ्लेक्स, पत्रिका ही कामे त्यात होतात. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिम्प-३ ने फोटोशॉपमधल्या बऱ्याच सोयी दिल्या. सवय बदलायला महिना-दोन महिने जातात, आणि पीएसडी फाइल मागणाऱ्या गिऱ्हाइकापुढे अडचण येते ती वेगळी. मोफत झालेल्या ॲफिनिटीबाबत आधी एक तपासणी करावी. तिच्या आधीच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरे नीट जुळत नसत, त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’, ‘लक्ष्मी’, ‘श्रीकृष्ण’ असे शब्द टाकून पाहिल्याशिवाय पूर्ण काम तिच्यावर हलवू नये. तिच्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींसाठी कॅनव्हाचे सशुल्क सदस्यत्व लागतेच, आणि वापरायला कॅनव्हाचे खातेही.

घेण्यापूर्वी काय करावे?

गेल्या बारा महिन्यांत सॉफ्टवेअर किती महिने खरेच वापरले, ते आधी मोजावे. सहा-सात महिन्यांपेक्षा कमी असेल तर वार्षिक कराराऐवजी महिन्याचा करार, तो महाग दिसला तरी, हंगामात घेऊन मग सोडणे स्वस्त पडू शकते. वार्षिक करार घेतलाच तर ॲडोबीत पहिल्या १४ दिवसांत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत मिळतात. ती तारीख आणि नूतनीकरणाची तारीख दोन्ही फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकाव्यात. प्रत्येक पूर्ण झालेल्या कामाची एक प्रत पीडीएफमध्ये, बोधचिन्हाची एसव्हीजीमध्ये आणि फोटोची टिफमध्ये ठेवावी. हे प्रकार कुठल्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून नाहीत. वापरलेल्या फाँटची नावे आणि रंगांचे सीएमवायके आकडे त्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवले, तर चार वर्षांनी ते बोधचिन्ह दुसऱ्या दुकानात, दुसऱ्या सॉफ्टवेअरवरही त्याच रंगात छापून घेता येते.